रामकृष्णपुरमची हिवाळी बैठक

दिल्ली पाहावयाची तर हिवाळ्यात पाहावी, असा सल्ला आपणास पुष्कळांनी दिला असेल. सल्ला खोटा नाही. पण तो देणारे बहुधा चार दिवसांचे पाहुणे असतात. ते लाल किल्ला व कुतुबमिनार पाहतात, चांदणी चौकात दुधाच्या फेसाची ‘दौलत की चाट’ खातात, एरवी पेटीत पडून राहणारा लोकरी कोट अंगावर मिरवून घेतात आणि परततात. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी सरेपर्यंत जो येथे घर करून राहतो, त्याला विचाराल तर तो आधी तक्रार सांगेल. वाचकहो, आज मी आपणास नेणार आहे ते ठिकाण किल्लाही नव्हे आणि मिनारही नव्हे. ते तक्रार करण्याचे ठिकाण आहे, आणि माझ्या मते दिल्लीच्या हिवाळ्याचे खरे दर्शन तेथेच घडते.

शहराच्या नैर्ऋत्य भागात रामकृष्णपुरम ही केंद्र सरकारी नोकरांची विस्तीर्ण वसाहत आहे. बोलण्यात सारे तिला ‘आर. के. पुरम’ म्हणतात. एका टेकाडावर दाक्षिणात्य पद्धतीचे मलई मंदिर, पाचव्या सेक्टरात लोदी काळातील वजीरपूरचे घुमट आणि जुनी पायऱ्यांची विहीर. बाकी सारा पसारा एकसारख्या सरकारी इमारतींचा. तमिळ, बंगाली, गढवाली, मराठी असे सर्व प्रांतांचे लोक येथे शेजारी म्हणून राहतात, पण कायमचा असा कोणीच नसतो. बदली झाली की निघाले, निवृत्त झाले की निघाले. भिंतीत खिळा ठोकतानासुद्धा माणूस मनातल्या मनात वर्षे मोजतो.

आमच्या दोन इमारतींच्या मध्ये एक लहानसे उद्यान आहे. उद्यान म्हणावयाचे ते सरकारी कागदावर. प्रत्यक्षात एक कडुनिंब, शेवंतीच्या काही कुंड्या, एक सिमेंटचा बाक, आणि कोणीतरी घरातून आणून टाकलेल्या दोन सुतळीच्या बाजा. हिवाळ्यातील शनिवार-रविवारी उन्हाची तिरीप पडू लागली की घराघरांतून माणसे येथे उतरतात. कोणी विणकाम घेऊन येते, कोणी मटार सोलावयास आणते, कोणी रजया वाळत घालते. कोपऱ्यावर शेंगदाणेवाला उभा असतो. भुईमुगाच्या शेंगांच्या ढिगावर तो मातीच्या मडक्यात निखारे ठेवतो, त्यामुळे ढीग ऊबदार राहतो आणि धुराचा मंद वास दूरवर पसरतो. शेंगा, रेवडी आणि गजक ही या बैठकीची शिदोरी. मुलांना केवळ शेंगांत रस असतो, मोठ्यांना शेंगा सोलता सोलता बोलण्यात.

आपण पुण्यास वा सोलापुरास असाल, तर थंडी वाढली की घरात शिरावे हे आपणास स्वाभाविक वाटेल. येथे नेमके उलट आहे. येथील घरे उन्हाळ्याच्या भीतीने बांधलेली. गारवा धरून ठेवणे हाच त्यांचा गुण, आणि जानेवारीत तोच त्यांचा दोष होतो. दिवसा घरातील फरशीवर पाय ठेववत नाही. शेगडी लावावी तर विजेचे बिल आठवते. म्हणून ऊब घ्यावयास बाहेर यावे लागते, आणि बाहेर आले की माणूस माणसाला भेटतो. आपल्या घरात प्रत्येकाला मनाजोगी ऊब मिळाली असती, तर ही बैठक कधी भरलीच नसती.

मी नोकरीवर रुजू होण्यासाठी प्रथम येथे आले ती जानेवारी २०१८ मध्ये. गाडी अकरा तास उशिरा पोहोचली. मथुरेच्या अलीकडे खिडकीबाहेर काहीच दिसत नव्हते. पांढऱ्या भिंतीला खेटून गाडी उभी आहे असे वाटत होते. मधूनच चाकांखाली फटाका फुटल्यासारखा आवाज होई. सहप्रवाशांनी सांगितले, की सिग्नल जवळ आल्याचे चालकास कळावे म्हणून धुक्यात रुळांवर असे फटाके ठेवतात. ते ऐकून मी अधिकच घाबरले होते, हे आता सांगावयास हरकत नाही.

त्या धुक्याचे कारण बैठकीत जो तो आपापल्या परीने सांगतो. शास्त्र थोडक्यात असे आहे. भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमी झंझावात येतात. ते हिमालयात बर्फ व मैदानात थोडा पाऊस देतात; आपण ज्याला मावठा म्हणतो त्याला इकडे ‘महावट’ म्हणतात, आणि गव्हाला तो अमृतासारखा मानतात. झंझावात पुढे सरकला की वायव्येचे गार वारे वाहतात. पुढे वारा पडतो, आकाश निवळते, आणि रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने सोडून देते. जमिनीलगतची हवा निवते. वरची मात्र त्या मानाने उबदार राहते. हवामानशास्त्रात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. पातेल्यावर झाकण ठेवावे तशी ही उबदार हवा शहरावर बसते. खालची वाफ, वाहनांचा व चुलींचा धूर, बांधकामांची धूळ, सारे त्या झाकणाखाली कोंडते. सूर्याने जमीन तापविली की झाकण फुटते. पण धुके दाट असेल तर त्याच्या पाठीवर पडलेले ऊन बरेचसे वरच्या वर परत फिरते, आणि दुपारपर्यंत सुटका होत नाही.

पूर्वी ही बैठक नऊ वाजता भरे, असे जुने रहिवासी सांगतात. आता ती बाराच्या आधी क्वचितच भरते. हवेचा निर्देशांक चारशेच्या पुढे गेला की त्या हवेला ‘गंभीर’ श्रेणी मिळते; अशा दिवसांत डॉक्टर वृद्धांना सकाळी बाहेर पडू नका असे बजावतात. तरुणांना याचे फारसे वाटत नाही, त्यांना कचेरीत जावेच लागते. पण ज्याच्या दिवसात बाकावरच्या दोन तासांखेरीज दुसरे काही उरलेले नाही, त्याचा एक तास गेला म्हणजे किती गेले, याचा हिशेब आपणच करावा.

या बैठकीचे दोन आधारस्तंभ होते. एक बाबूजी. त्यांचे खरे नाव फार थोड्यांना ठाऊक असेल. मूळचे कानपूरचे, तारखात्यातून निवृत्त झालेले, वयाची ऐंशी ओलांडलेली. सरकारी नोकरीत असलेल्या मुलीकडे राहत. दुसरे मास्टरजी, गढवालातील एका शाळेचे निवृत्त शिक्षक. त्यांचे घर समोरच्या इमारतीत, सर्वांत वरच्या मजल्यावर, मुलाच्या नावे. बाकाची दोन टोके या दोघांची ठरलेली होती.

बाबूजींच्या गच्चीवर एक तापमापक असे आणि त्याचा आकडा ते रोज वहीत टिपून ठेवीत. “आज चार अंश दोन,” असे ते म्हणाले की मास्टरजी मफलर सारखा करीत विचारावयाचे, “कुठे? सफदरजंगला की पालमला?” दिल्लीत हवामानखात्याची केंद्रे अनेक आहेत: सफदरजंग, पालम, लोदी रोड, रिज, आयानगर. एकाच रात्रीचे त्यांचे आकडे भिन्न असतात, आणि ज्याला आपले गाऱ्हाणे मोठे करावयाचे असेल तो सर्वांत खालचा आकडा निवडतो. बाबूजी सफदरजंगवाले, कारण दिल्लीचे तापमान म्हणून तेथीलच धरले जाते. मास्टरजी आयानगरवाले.

मास्टरजींना डोंगरातल्या थंडीचा अभिमान होता. डोंगरातील थंडी प्रामाणिक, ती रात्री छळते पण दिवसा ऊन देते, असे त्यांचे म्हणणे. दिल्लीची थंडी कपटी! यात तथ्य आहे. धुक्याचा थर मैदानावर पसरलेला असतो. मसुरीसारखी ठिकाणे त्याच्या वर उन्हात असतात, आणि दुपारी तेथील पारा दिल्लीहून वर गेल्याचे अनेकदा आढळते. यावर बाबूजी १६ जानेवारी १९३५ ही तारीख काढीत. त्या दिवशी सफदरजंगला पारा शून्याखाली ०.६ अंश गेला होता. मास्टरजी म्हणत, “तेव्हा आपण दोघेही जन्मलो नव्हतो, भाईसाहब. स्वतःचे काही बोला.” मग बाबूजी ३० डिसेंबर २०१९ सांगत. त्या दिवशी दुपारीही पारा ९.४ अंशांपलीकडे चढला नव्हता आणि बाकावर कोणीच आले नव्हते. हे मात्र मास्टरजींना मान्य असे.

बाबूजींचा दुसरा विषय म्हणजे त्यांचा हौशी रेडिओ. आपल्या घरी रेडिओ असेल, पण तो केवळ ऐकण्याचा. हौशी रेडिओचालक परीक्षा देतो, दळणवळण मंत्रालयाकडून परवाना घेतो, आणि मग आपल्या संचावरून स्वतः बोलू शकतो किंवा मोर्स संकेतांचे कट्ट-कडकट्ट पाठवू शकतो. प्रत्येकाला एक हाकेचे चिन्ह मिळते. आपल्या देशात ती ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. तारखात्यात तरुणपणी बोटांत भिनलेला मोर्स बाबूजींना निवृत्तीनंतरही सोडवेना. १४ जुलै २०१३ रोजी देशातील तारसेवा बंद झाली, त्या रात्री ते जनपथावरील तारघरासमोर रांगेत उभे होते. शेवटची तार त्यांनी स्वतःलाच पाठविली. ती त्यांच्या वहीत चिकटविलेली मी पाहिली आहे.

ही हौस स्वस्तात करणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. हैदराबादचे अशहर फरहान यांनी या शतकाच्या आरंभी ‘बिटएक्स’ नावाचा एक संच आखला. महागडे भाग टाळण्यासाठी त्यात नळाच्या साध्या वॉशरवर तार गुंडाळण्याची युक्ती होती. बाबूजींचा संच त्याच घराण्यातला. त्याचे सुटे भाग लाल किल्ल्यासमोरील लजपतराय मार्केटातून शोधून आणावयाचे, आणि आणल्यावर आठवडाभर त्या बाजाराची तक्रार करावयाची: पूर्वी कोणताही भाग नुसते नाव घेताच मिळे, आता सर्वत्र दिव्यांच्या माळा आणि कॅमेरे. त्यांचा सर्वांत मोठा राग एलईडी दिव्यांवर होता. स्वस्त दिव्यांच्या आतील विद्युत्‌रचना रेडिओलहरींत सतत खरखर सोडतात. साऱ्या वसाहतीने विजेची बचत केली आणि त्यांच्या कानांतील शांतता गेली. “सरकारचे धोरण योग्य आहे,” ते म्हणत, “पण मला कोणी विचारले?”

मी एकदा त्यांना विचारले, की एवढा खटाटोप करून आपण दूरच्या माणसाशी बोलता तरी काय? ते हसले. मोर्समधील नेहमीचे संभाषण असे: तुमचा आवाज कसा येतो, माझे नाव, माझे गाव, येथील हवा, माझा संच. संपले. राजकारण, धर्म आणि व्यापार तेथे काढावयाचे नाहीत, असा शिष्टाचार आहे. “म्हणजे बाकावरचेच बोलणे,” मी म्हटले. “बाकावरचेच,” ते म्हणाले, “फक्त निवडणूक सोडून.”

मात्र ही हौस अगदीच निरुपयोगी समजू नका. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी चालकांची एक तुकडी योगायोगाने पोर्ट ब्लेअरला होती. तिने आपल्या संचांवरून नातेवाइकांचे निरोप मुख्य भूमीस पोहोचविले. बाबूजी त्या रात्री कान लावून बसले होते. काय ऐकले ते त्यांनी कधी सांगितले नाही.

आता निवडणुकीविषयी. दिल्लीत हिवाळा हाच राजकारणाचा ऋतू आहे. संसदेचे हिवाळी अधिवेशन, प्रजासत्ताकदिन, २०१७ पासून १ फेब्रुवारीस येणारा अर्थसंकल्प, आणि विधानसभेच्या निवडणुका, सारे थंडीतच येते. आम्हा सरकारी नोकरांचे तोंड १९६४ च्या आचरण-नियमांनी बांधलेले; आम्ही शेंगा सोलत ऐकतो. निवृत्तांना तो अडथळा नाही. महागाई भत्ता, वेतन आयोग, आयकर यांवर एकमत असे, कारण तेथे सर्वांचे दुखणे एक. पण ८ फेब्रुवारी २०२० च्या मतदानाआधीच्या रविवारी बाबूजी आणि मास्टरजी यांचे जे वाजले, ते मी येथे लिहिणार नाही. कोण कोणत्या बाजूचे होते हेही सांगणार नाही. आपण आपल्या शेजाऱ्यांची नावे तेथे घालून पाहिलीत तरी चालेल. एकाने दुसऱ्याच्या मुलाला उद्देशून एक शब्द उच्चारला, एवढेच. पुढच्याच महिन्यात टाळेबंदी आली, आणि जे चार दिवसांत निवळले असते ते तसेच गोठून राहिले.

पुढच्या हिवाळ्यात दोघेही बाकावर आले. आपापल्या टोकाला बसले. मध्ये दोन माणसांची जागा. एकमेकांशी बोलणे बंद. मात्र हवेविषयी दोघेही हवेशीच बोलत. “आज सफदरजंगला १.१,” बाबूजी समोरच्या शेवंतीला सांगत. तो १ जानेवारी २०२१ चा दिवस होता. “डोंगरात ऊन पडले असेल,” मास्टरजी कडुनिंबाला सांगत. आम्ही मधले लोक हसू दाबून असू. पुढे पुढे हसूही आले नाही.

एक गोष्ट मात्र मला नंतर उमगली. बाबूजींचा अँटेना म्हणजे सुमारे वीस मीटर लांबीची तांब्याची तार. तिचे एक टोक त्यांच्या गच्चीवर आणि दुसरे समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीच्या खांबाला, नायलॉनच्या दोरीने बांधलेले. तो खांब मास्टरजींच्या डोक्यावरचा. एके काळी या तारेमुळे आपल्या दूरदर्शन संचावर रेघा येतात अशी तक्रार मास्टरजींनी चारचौघांत केली होती. भांडणानंतर दोरीची गाठ सोडावयास त्यांना एक मिनिट पुरले असते. ती त्यांनी सोडली नाही. उलट २०२२ च्या पावसाळ्यात दोरी कुजली, तेव्हा नवी दोरी कोणी बांधली हे बाबूजींना कळलेच नाही. मला कळले, कारण त्या वेळी मी गच्चीवर कपडे काढावयास गेले होते. मास्टरजींनी बोट ओठांवर ठेवले. मी आजवर गप्प राहिले.

जानेवारी २०२३ मधील एका रात्री बाबूजींनी आम्हा दोघा-तिघांना वर बोलावले. बाहेर इतके धुके, की समोरची इमारत नाहीशी झाली होती. कानांवर माकडटोप्या, हातांत चहाचे पेले. त्यांच्या हातात एक लहानसा संच होता, जवळपासच्या गप्पांपुरता. त्यातून एक अनोळखी आवाज येत होता, नेहमीच्या टप्प्यापेक्षा कितीतरी दूरचा. बाबूजींनी समजावले: या लहरी एरवी सरळ रेषेत जातात आणि क्षितिजापाशी संपतात. पण जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार हवेचे झाकण असले, की त्या झाकणाला लागून वाकतात आणि दूर निघून जातात. म्हणजे ज्या झाकणाखाली आम्ही खोकत होतो, त्यानेच तो आवाज आणला होता. पलीकडचा माणूस काय सांगत होता? “येथे फार धुके आहे,” असे सांगत होता. बाबूजींनी उत्तर दिले, “येथेही.” मग दोघांनी आपापल्या संचांची दुखणी सांगितली. पाऊण तास!

३१ जानेवारी २०२४ रोजी बाबूजींची मुलगी निवृत्त झाली. क्वार्टर सोडणे आले. ग्रेटर नोएडातील चौदाव्या मजल्यावर त्यांनी घर घेतले होते. तेथे गच्ची सर्वांची, म्हणजे कोणाचीच नाही, आणि तार लावावयाची तर समितीची परवानगी. मार्चमध्ये तार उतरविली. मी खाली उभी राहून पाहत होते. बाबूजी आपल्या टोकाला, आणि समोरच्या गच्चीवर मास्टरजी. दोघांमध्ये रस्ता. मास्टरजींनी गाठ सोडली आणि मोठ्याने विचारले, “सोडू?” चार वर्षांत त्यांनी बाबूजींना उद्देशून उच्चारलेला तो पहिला शब्द असावा. बाबूजी म्हणाले, “हळू.” तार खाली आली. तिचे वेटोळे करावयास बराच वेळ लागला.

बाबूजी गेल्यावर बाकाचे ते टोक काही दिवस रिकामे राहिले. नंतर तेथे एक तमिळ आजी बसू लागल्या, त्यांना हिंदी बेताचेच येते, पण थंडीबद्दलची नापसंती त्यांनाही व्यक्त करता येते. बाबूजी आता रविवारी दुपारी मला दूरध्वनी करतात. ५ फेब्रुवारी २०२५ च्या मतदानाआधीच्या रविवारीही त्यांचा दूरध्वनी आला. चौदाव्या मजल्यावरून खाली धुक्याचा नुसता कापूस दिसतो, म्हणाले, आणि वर ऊन, मसुरीसारखे. निवडणुकीचे नाव त्यांनी काढले नाही. विचारले इतकेच:

“बेटी, तिकडे आज ऊन केव्हा आले?”

“पाऊण वाजता, बाबूजी.”

बाकाच्या दुसऱ्या टोकावरून मास्टरजी, माझ्याकडे न पाहता, शेंग फोडीत म्हणाले, “साडेबाराला. तिला काय कळते? साडेबारा सांग.”